वर्ध्याचा हिवाळा मुलांना परत द्या

नोव्हेंबर संपत आला, पहाटे बंब पेटू लागले की वर्ध्यातल्या बालवाड्यांच्या आणि कॉन्व्हेंटांच्या पालकसभांत एक मागणी हमखास होते. थंडी सुरू झाली आहे, तेव्हा आता फेब्रुवारीपर्यंत लहान मुलांना मैदानात सोडू नका. मागणी करणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. शाळाही ती पटकन मान्य करतात. पंचवीस-तीस पोरांच्या मागे मैदानात धावण्यापेक्षा त्यांना एका खोलीत बसवणं सोपं असतं, आणि एखाद्याला खोकला झाला तर जबाबदारी अंगावर येत नाही. मग तीन-चार वर्षांची मुलं फरशीवर, खिडक्या लावलेल्या खोलीत, टीव्हीच्या पडद्यावरची बडबडगीतं पाहत तीन-तीन तास बसतात. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं.

ही मागणी चुकीची आहे. ती नुसती अनावश्यक असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण तिच्यामुळे मुलांचं नुकसान होतं. शिवाय ती ज्या आजारांच्या भीतीपोटी केली जाते, त्यांनाच हातभार लावते, म्हणून तिचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं भाग आहे.

आधी थंडीचंच पाहू. विदर्भात थंडी पडते, कधी कधी कडाक्याची पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि वर्ध्यातही लोक शेकोटीपासून हलत नव्हते. बऱ्याच हिवाळ्यांत थंडीची लाट येते. पण वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून येतं ते किमान तापमान, म्हणजे सूर्य उगवण्याच्या आगेमागेचं. त्या वेळी कुणीच बालवाडीच्या मैदानात नसतं. त्याच दिवशीच्या दुपारचा आकडा बातमीत असला तर आतल्या ओळीत असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारचं तापमान साधारण २८ अंशांच्या आसपास जातं आणि पहाटेचं सरासरीनं १२-१३ अंशांवर असतं. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम इथे भर उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, दुपारचं सरासरी तापमान २३ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या दुपारी वर्ध्यातली आई ‘गारठा बाधेल’ म्हणून लेकराला आत ओढते, ती दुपार स्टॉकहोमच्या उन्हाळी सुट्टीतल्या दुपारपेक्षा उबदार असते. तिथल्या बालवाड्या मात्र हिमवर्षावाच्या दिवसांतही मुलांना रोज बाहेर काढतात. फिनलंडमध्ये तर तान्ह्या बाळांना गुंडाळून, बाबागाडीत घालून, उणे तापमानात अंगणात झोपवण्याची रीत घरोघरी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मुलांना सवय असते. बरोबर आहे, सवयच असते. आणि सवय लागते ती बाहेर गेल्यानं. जे मूल नोव्हेंबर ते फेब्रुवारी काचेआड ठेवलं जातं त्याला कसली सवय लागणार? शिवाय आपल्या मुलांना उणे दहा अंशांची सवय करायला कुणी सांगत नाही. अंगात स्वेटर, डोक्याला टोपरं आणि साडेदहाचं ऊन, एवढाच प्रश्न आहे.

आता आपलं वर्षाचं चक्र मांडून पाहा. महाशिवरात्रीनंतर वर्ध्यात ऊन चढू लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, देशातल्या सर्वात तापलेल्या शहरांच्या यादीत वर्ध्याचं नाव येतं. म्हणूनच विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर लहान मुलाला मैदानात ठेवणं खरोखर धोक्याचं, उन्हाच्या झटक्यानं मूल जीवाला मुकू शकतं. मृगापासून पावसाळा, चिखल, विजा, अंगणात साप-विंचू. ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकाडा. उरतात नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत लहान मूल मोकळ्या आकाशाखाली धावू शकतं असे वर्ध्यात एवढेच तीन महिने आहेत. नॉर्वेतल्या पालकानं हिवाळ्यात मुलाला आत ठेवलं तरी त्याला उन्हाळा उरतो. आपण हिवाळ्यात आत ठेवलं तर मुलाला काहीच उरत नाही. उन्हाची भीती, पावसाची भीती आणि थंडीची भीती एकामागून एक लावत गेलं की पूर्ण बालपण खोलीत जातं. वर्ध्यातल्या कित्येक मुलांचं ते जातच आहे.

या वादात हल्ली एका सरकारी निर्णयाचा आधार घेतला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्याचं मुख्य कारण मुलांची अपुरी झोप हे होतं. पहाटे साडेपाचला उठवून अंधारात ऑटोत कोंबलेल्या चार वर्षांच्या मुलाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, ते या निर्णयाचं स्वागतच करतील. मीही करते. पण ‘सरकारनंसुद्धा थंडी मान्य केली’ असं म्हणून तो आदेश खेळाच्या विरोधात वापरणं चुकीचं आहे. पहाटेचा गारठा टाळण्याची सोय त्यानं करून दिली आहे. नऊला शाळा भरली तर दहा-साडेदहाला, अंग तापवणाऱ्या उन्हात, मैदानात जाण्याची वेळ आपोआप मिळते. त्या आदेशाचा खरा उपयोग करायचा तर हिवाळ्याच्या वेळापत्रकात तो तास मैदानाचा म्हणून लिहायला हवा.

आता सर्दीचा मुद्दा. तो सर्वात मोठा आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे, म्हणून तो झटकून टाकण्यासारखा नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते. त्यात रायनोव्हायरस हा प्रमुख. मुलाच्या आसपास विषाणू नसेल तर ते कितीही गारठलं तरी त्याला सर्दी होत नाही. तरी हिवाळ्यात सर्दी वाढते हे प्रत्येक घराला माहीत आहे, आणि त्याचं कारण शोधण्याचे प्रयत्न बरेच झाले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ४४ प्रौढांच्या नाकात रायनोव्हायरस सोडला आणि त्यांतल्या काहींना थंडीत ठेवलं. थंडीत राहिलेल्यांना सर्दी अधिक झाली नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे वेगळा प्रयोग झाला. १८० जणांपैकी निम्म्यांना थंडगार पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, तर पाय कोरडे ठेवलेल्या निम्म्यांपैकी ५ जणांनी. थंडीला घाबरणाऱ्यांच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा हाच आहे, आणि त्यातलं म्हणणं मला मान्य आहे: अंग, विशेषतः पाय, गारठले तर शरीरात आधीच असलेला विषाणू डोकं वर काढू शकतो. नाकातली हवा थंड असली की रायनोव्हायरस अधिक वेगानं वाढतो, हेही खरं.

पण मग हा पुरावा कोणाला लागू होतो ते नीट बघा. त्या प्रयोगातली माणसं थंड पाण्यात पाय घालून वीस मिनिटं हालचाल न करता बसली होती. आपल्याकडे अशा स्थितीच्या जवळ कोण येतं? उन्हात लंगडी खेळणारं मूल की जानेवारीत सावलीतल्या खोलीत, मोजे काढून, गार फरशीवर मांडी घालून बसवलेलं मूल? वर्ध्यातल्या कुठल्याही पक्क्या इमारतीत जानेवारीच्या सकाळी अकरा वाजता आत आणि बाहेर उभं राहून पाहावं. आत हुडहुडी भरते आणि बाहेर आलं की पाठ शेकते. रात्रभर गार झालेलं सिमेंट दुपारपर्यंत तापत नाही. लहान मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ वजनाच्या मानानं जास्त असतं, म्हणून त्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. हे कारण देऊन डॉक्टर मंडळीही पालकांना सावध करतात, आणि ते बरोबरच आहे. पण ऊब तयार होते ती स्नायू हलले की. जो हलत नाही तो गारठतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत लहान मुलासाठी सर्वात वाईट अवस्था कुठली असेल तर ती बसून राहण्याची, आणि आपण त्याला नेमकं तेच करायला लावतो.

शिवाय बंद खोली. पंचवीस मुलं, लावलेल्या खिडक्या, एकाला शिंक. सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या पसरायला याहून सोयीची जागा नाही. करोनाच्या दोन वर्षांत आपण सगळे हे शिकलो होतो. खेळती हवा हवी, दाटी नको, शक्य तेवढं उघड्यावर बसा. चार वर्षांच्या आत ते आपण विसरलो, आणि तेही मुलांच्या बाबतीत. हिवाळ्यात सर्दी वाढण्याचं एक मोठं कारण लोक दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या जवळ बसतात हे आहे. थंडीच्या भीतीनं मुलाला आत घ्यायचं, आत त्याला सर्दी लागते, आणि ती लागली की थंडीला दोष द्यायचा. हे चक्र कुणीतरी तोडायला हवं.

सर्दीच्या मागे आईच्या मनात खरी भीती असते ती छाती भरण्याची, म्हणजे न्यूमोनियाची. ही भीती खोटी नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे जीव घेणाऱ्या आजारांत न्यूमोनिया आजही वरच्या क्रमांकावर आहे. पण तो जास्त करून कुणाला होतो? कुपोषित मुलांना, जन्मतः वजन कमी असलेल्यांना, आईचं दूध पुरेसं न मिळालेल्यांना, लस न घेतलेल्यांना, आणि चुलीच्या धुरात वाढणाऱ्यांना. न्यूमोकॉकलची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. आपल्या मुलाला तिचे सगळे डोस मिळाले का, हे पालकसभेत कुणी विचारतं का? एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत, गावोगावी आशाताई आहेत. न्यूमोनियापासून मुलाला वाचवायचं तर लस, पोषण, धूर नसलेलं स्वयंपाकघर आणि वेळेवर दवाखाना एवढं करायचं असतं. मैदान बंद केल्यानं यातलं एकही काम होत नाही.

आता आत ठेवल्यानं मूल काय गमावतं ते पाहू, कारण त्याचा हिशोब पालकसभेत कुणी मांडत नाही.

पहिलं म्हणजे ऊन. सूर्याच्या विशिष्ट किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं. हाडांना ते लागतं आणि जंतूंशी लढायलाही ते उपयोगी पडतं. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १४ टक्के आणि पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के मुलांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. भारतासारख्या ऊन ओसंडणाऱ्या देशात! आपल्या आज्या तान्ह्याला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसत, ते चांगलंच होतं. पण हे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात, सूर्य वर आला की मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की. वर्ध्यात २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वात लहान दिवशीसुद्धा, सव्वाबाराच्या सुमारास तीन फुटांच्या मुलाची सावली तीन फुटांहून किंचित आखूड पडते. त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये भर मध्यान्ही मुलाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास आठपट लांब असते. तिथल्या मुलांना हिवाळ्याच्या उन्हातून हे जीवनसत्त्व मिळतच नाही, तरी ती बाहेर जातात. आपल्या मुलांना भर डिसेंबरात ते फुकट मिळतं, आणि आपण पडदे ओढतो, मग औषधाच्या दुकानातून थेंब आणतो.

दुसरं म्हणजे डोळे. लहान वयात लागणारा लांबचा चष्मा सगळीकडे वाढतो आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जादा तास बाहेर, मोकळ्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आलेली होती, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, फक्त चाळीस मिनिटांचा उजेड. ग्वांगझू वर्ध्यापेक्षा थोडंच उत्तरेला आहे, तेव्हा ‘तिकडची हवा वेगळी’ हे उत्तर इथे चालत नाही.

तिसरं, धावणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसात किमान तीन तास हालचाल करायला हवी आणि त्यात एक तास दम लागेल असा खेळ हवा. पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून जास्त नको. आपल्या हिवाळी बालवाडीत ही दोन्ही मापं बरोबर उलटी होतात.

हे सगळं परदेशी शास्त्रज्ञांचं झालं, असं वाटणाऱ्यांसाठी आपल्या जिल्ह्याकडे येते. लहान मुलांना उघड्यावर वाढवा, हे सांगायला वर्ध्याला स्वीडनची गरज नव्हती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीमची, म्हणजे हातांनी काम करत शिकण्याची, योजना निघाली. पुढच्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम सेवाग्रामात सुरू झालं. ते चालवणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दाम्पत्य शांतिनिकेतनातून आलेलं होतं, जिथे वर्ग झाडाखाली भरत. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीमचा विस्तार जन्मापासून अखेरीपर्यंत करण्याचं ठरलं आणि सात वर्षांखालची मुलं त्यात आली. शांताबाई नारूळकरांनी सेवाग्रामात पूर्वबुनियादी शाळा चालवली आणि त्या अनुभवावर पुस्तकही लिहिलं. त्या सगळ्या शिक्षणाचा पाया हातपाय हलवणं, माती, पाणी, बाग, सफाई आणि भोवतालचं गाव हा होता. ज्या जिल्ह्यात हे घडलं, त्याच जिल्ह्यात आज तीन वर्षांच्या मुलाला डिसेंबरच्या उन्हापासून लपवलं जातं, याचं मला दुःख होतं.

त्याच १९४५ साली, आपल्या जिल्ह्याबाहेर, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे थेट चराईच्या कुरणावर. पुढे देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं बीज त्या अंगणात आहे. या अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज त्या योजनेची गावोगावची खोली भिंतीत कोंडली गेली आहे आणि अंगण तेवढं हरवलं आहे.

आणि घरातल्या रीतींचं काय? संक्रांत ते रथसप्तमी, म्हणजे ऐन थंडीत, आपण पाच वर्षांखालच्या मुलांचं बोरन्हाण करतो. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, मुरमुरे, हलवा डोक्यावरून ओततो आणि पोरं ते वेचायला अंगणभर धावतात. ही रीत ज्यांनी घातली त्यांना थंडी कळत नव्हती का? आता तोच सण बैठकीच्या खोलीत, फोटोसाठी होतो, आणि ‘खोकला होईल’ म्हणून बोरं खाऊ देत नाहीत. आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके संत्र्यांचे. बागांत फळ तोडणीला आलेलं असतं आणि त्याच तालुक्यांतल्या घरांत लहान मुलाला संत्रं मिळत नाही, कारण ते थंड! ‘क’ जीवनसत्त्वानं भरलेलं, दारात पिकलेलं फळ नाकारणारी ही भीती आणि मैदान नाकारणारी भीती एकच आहे.

अभ्यास बुडतो, हा आक्षेप थोडक्यात संपवते. तीन ते सहा या वयात खेळ हाच अभ्यास असतो, आणि हे २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर अभ्यासक्रम आराखड्यानंच मांडलं आहे. रेस्टीप खेळताना मूल मोजायला शिकतं, बिल्लस खेळताना तोल आणि क्रम शिकतं, कंचे खेळताना नेम धरायला शिकतं. चौथ्या वर्षी पाढे पाठ झाले नाहीत म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

आता ज्या गोष्टी मान्य करायलाच हव्यात त्या सांगते, कारण त्या या पालकांच्या यादीत नसतात आणि असायला हव्यात.

सिकलसेल. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, वर्धा जिल्हा त्याला अपवाद नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला थंडीनं, शरीरातलं पाणी कमी झाल्यानं किंवा अति दमल्यानं असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला नीट पांघरूण, वारंवार पाणी, मध्ये मध्ये विश्रांती हवी आणि गार पाण्यात खेळणं टाळायला हवं. शिक्षिकेला हे माहीत असायला हवं आणि पालकांनी ते तिला मोकळेपणानं सांगायला हवं. त्यालाही ऊन आणि सोबती हवेत. त्याच्यासाठी थंडीच्या लाटेच्या दिवशी वेगळा निर्णय घ्यावा, सगळ्या वर्गासाठी तीन महिन्यांचा नको. दम्याच्या मुलांचंही तसंच. तान्ही, कमी वजनाची बाळं तर वेगळीच, त्यांना ऊब हाच उपचार आहे.

धूर. हिवाळ्यात सकाळी हवा जड होऊन खाली बसते आणि धूर वर जात नाही. वर्ध्यात, हिंगणघाटात, पुलगावात सकाळी सात-आठला फेरी मारा. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा, प्लास्टिक, टायर जळत असतात. त्या हवेत मुलाला धावायला लावणं खरंच वाईट. दहानंतर ऊन तापलं की हवा हलते आणि परिस्थिती सुधारते, म्हणूनही दहाची वेळ बरी. पण मुलांच्या फुप्फुसांची एवढी काळजी असलेले आपण नगरपालिकेकडे कचरा जाळण्याबद्दल तक्रार का करत नाही? शाळेच्या भिंतीला लागून पेटवलेला ढीग विझवायला कुणी जात नाही आणि ऊन पडलेल्या मैदानाला मात्र कुलूप लागतं.

आणि ज्या मुलांकडे स्वेटरच नाही, ती मुलं. कापूस वेचणीचे दिवस नेमके हेच. देवळी, समुद्रपूर, सेलू, कुठेही जा, पहाटे दवात भिजलेल्या पऱ्हाटीतून बाया वेचणीला लागतात आणि त्यांची लहान मुलं बांधावर फडक्यावर बसलेली असतात. पायात काही नाही, अंगात मोठ्या भावाचा शर्ट. या मुलांचं बाहेर असणं खेळ म्हणून ठरवलेलं नाही, दुसरी सोय नाही म्हणून आहे. थंडी खरंच कुणाला बाधत असेल तर यांना, आणि पालकसभेत यांच्यासाठी कुणी हात वर करत नाही. लोकरीचं स्वेटर, टोपरं, दोन जोड मोजे यांचा खर्च एका मुलामागे किती येतो? ग्रामपंचायतीनं, जिल्हा परिषदेनं, गावातल्या जिनिंग मालकांनी, ज्यांचा कापूस या बायांच्या हातांनी वेचला जातो, हे ओझं उचलणं अजिबात अवघड नाही. थंडीची चिंता करणाऱ्या प्रत्येक सुखवस्तू पालकाला माझं सांगणं आहे, की ती चिंता आधी तिथे न्या.

मागणी मग काय असावी? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या पालकसभेत कुणी मैदान बंद करा म्हणालं, तर दुसऱ्या कुणीतरी उठून हे मागावं. मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी, रोज साडेदहा ते बारा, मुलं बाहेर. घरून येताना दोन पातळ थर, वर स्वेटर, पायात मोजे आणि बूट. खेळून घाम आला की स्वेटर काढायचं, बनियन ओली झाली तर बदलायची, त्यासाठी एक कोरडी बनियन दप्तरात. प्यायला कोमट पाणी. आत आल्यावर बसायला फरशीवर सतरंजी, आणि खिडक्या उघड्या. ताप असलेलं मूल घरी, नुसतं नाक वाहणारं मूल खेळायला. पारा पाच-सहाच्या खाली गेलेल्या दिवशी तास अर्ध्या तासानं पुढे. मैदान नसलेल्या शाळेनं जवळचं मोकळं पटांगण किंवा देवळाचं आवार मागून घ्यावं, गावात ते नाही असं फार क्वचित होतं. शिक्षण हक्क कायद्यातली मैदानाची अट सहा वर्षांखालच्या खासगी वर्गांना लागू नाही, म्हणून पालकांनीच ती प्रवेशाच्या वेळी घालावी. फीचे आकडे आपण विचारतो, तसं खेळायची जागा किती चौरस फूट आहे हेही विचारावं. आणि अंगणवाडी सेविकेच्या हातातली माहिती भरायची कामं थोडी कमी करून तिला या दीड तासासाठी मदतनीस मिळावी, ही मागणी तिच्या संघटनेबरोबर पालकांनीही लावून धरावी. एकटीच्या जीवावर पंचवीस मुलं मैदानात सोडायला ती धजत नाही, यात तिचा दोष नाही.

यातलं काहीही मार्चमध्ये करता येणार नाही. महाशिवरात्रीनंतर ऊन चटके देऊ लागतं, होळीला सकाळची शाळा सुरू होते, आणि पुढची संधी थेट नोव्हेंबरात. तेव्हा आज बालवाडीत असलेली मुलं पहिलीच्या बाकावर बसलेली असतील.